ज्या उंदराला हा कर्करोग होतच नाही

१/ साल १९४१. शिकागो विद्यापीठातील शल्यविशारद चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिले की पुरःस्थ ग्रंथीचा, म्हणजे प्रोस्टेटचा कर्करोग पुरुषी संप्रेरकावर पोसला जातो. वृषणे काढली की अनेक रुग्णांचा आजार ओसरे. १९६६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. पण बहुतेकांचा रोग काही काळाने उलटे, आणि तेव्हा संप्रेरक रोखलेले असूनही गाठ वाढे. ती कशावर जगत होती?

२/ उत्तर शोधायला प्राणी हवा होता. हगिन्स यांनी कुत्र्यांवर काम केले होते. प्रयोगशाळेला सोयीचा प्राणी म्हणजे उंदीर; पण त्याला हा कर्करोग आपणहून जवळजवळ होतच नाही. तेव्हा रोग घडवणे भाग होते.

३/ १९९५ मध्ये ह्यूस्टनच्या बेलर वैद्यकीय महाविद्यालयात नॉर्मन ग्रीनबर्ग यांच्या गटाने 'ट्रॅम्प' नावाचा उंदीर सादर केला. त्याच्या प्रोस्टेटमध्ये एसव्ही-४० या विषाणूचे कर्करोगकारक जनुक कार्यरत केलेले होते. गाठी झाल्या, पसरल्याही. मात्र माणसाचा रोग या विषाणूमुळे होत नाही.

४/ १९९७ मध्ये 'पीटेन' जनुकाचा शोध लागला. पेशीला 'वाढ' म्हणून सांगणाऱ्या पीआय-३ किनेज या संदेशसाखळीला ते लगाम घालते. अनेक रुग्णांच्या गाठींत हेच जनुक हरवलेले आढळले. २००३ मध्ये लॉस एंजेलिस येथे हाँग वू यांच्या गटाने उंदराच्या केवळ प्रोस्टेटमधून ते काढून टाकले. कर्करोग झाला. वृषणे काढल्यावर गाठी आक्रसल्या, पण मेल्या नाहीत. हगिन्स यांच्या रुग्णांची कहाणी आता उंदरात दिसू लागली.

५/ २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग केंद्रात चार्ल्स सॉयर्स यांच्या गटाने याच प्रकारच्या उंदरांत कोडे उलगडले. संप्रेरकाचा संदेश आणि पीआय-३ किनेजचा संदेश एकमेकांना दाबून ठेवतात. एक रोखला की दुसरा उसळतो. दोन्ही एकदम रोखताच उंदरांतील गाठी जवळजवळ नाहीशा झाल्या.

६/ मग माणसांची पाळी आली. २०२१ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पीटेन हरवलेल्या रुग्णांना संप्रेरकरोधकासोबत इपाटासर्टिब दिल्यावर रोग थोपवून धरण्याचा मध्यम काळ १६.५ महिन्यांवरून १८.५ महिन्यांवर गेला. उंदरात गाठ विरली. माणसाला दोन महिने मिळाले. त्या उंदरात एकच जनुक मोडलेले होते. माणसाच्या गाठीत वर्षानुवर्षे एकामागून एक अनेक मोडत आलेली असतात. म्हणून आजचे उंदीर दोन-तीन बिघाड एकत्र घेऊन जन्माला घातले जातात.