दाव्याचं कुळ

जळकोटच्या शिवारात दोन घरं एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत, मैतालाही जात नाहीत, आणि कारण विचारलं तर दोनच शब्दांत उत्तर मिळतं : "दावा हाय." द्वेष हा शब्द तिथं सहसा कुणाच्या तोंडी येत नाही, तो पुस्तकातला. तिरस्कार शाळेतला. रोजच्या बोलण्यातला शब्द दावा. दावा धरतात, दावा साधतात, दोन भावांत उभा दावा असतो. पोटच्या लेकरानं फार छळलं तर आई कळवळून म्हणते, मागल्या जन्मीचा दावेदार माझ्या पोटी आला.

हाच शब्द उदगीरच्या कोर्टाची पायरी चढला की त्यातला राग गळून पडतो. तिथं तो दिवाणी दावा : वादी, प्रतिवादी, क्रमांक, पुढची तारीख. वर्तमानपत्रात तर मुख्यमंत्रिपदाचे दावेदार असतात आणि त्यात कुणालाच काही वावगं वाटत नाही. एकाच शब्दात कागद आणि सूड दोन्ही कसे नांदतात, हे पाहायचं तर त्याचं कुळ शोधावं लागतं.

कुळ अरबी आहे. ज्या धातूपासून तो आला त्याचा अर्थ हाक मारणं, बोलावणं. देवाला मारलेली हाक ती दुआ. जेवायला घातलेली हाक ती दावत. आणि 'अमुक माझं आहे' अशी न्यायाधीशापुढे घातलेली हाक तो दावा. दावा लावणारा तो मुद्दई, आणि ज्यावरून दावा लागतो तो मुद्दाही याच घरातला. या कुळात कुठंही वैर नाही. उलट दोघांनी एकमेकांचा गळा न धरता तिसऱ्याकडे जावं, एवढा शहाणपणा त्यात आहे.

हा शब्द फारसीच्या हाताला धरून दख्खनेत आला. बहमनी सुलतानांनी राजधानी केलेलं बीदर जळकोटपासून काही फार दूर नाही. फारसीतच शब्द घसरला होता असं दिसतं, कारण आजच्या इराणात दावा म्हणजे सरळ भांडण. मराठीनं मात्र आणखी एक पाऊल टाकलं. भांडण विझतं. मराठीतला दावा मुरतो, आणि बापाकडून मुलाकडे जातो.

हे इथंच का घडलं, याचं उत्तर मला वतनांच्या कागदांत दिसतं. पाटीलकी, कुलकर्ण, मिरास हे सगळं वारशानं चालणारं, आणि त्यावर हक्क सांगणारा बहुतेक वेळा परका नसे. चुलता असे, पुतण्या असे. गोतसभा बसे, अग्रवादी म्हणजे वादी आणि पश्चिमवादी म्हणजे प्रतिवादी आपापली हकिकत मांडत, निवाड्याचा कागद म्हणजे महजर होई. हरलेला तो महजर मनातून मानत नसे. राज्य बदललं की पुन्हा उभा राही. पिढ्यान् पिढ्या न मिटलेल्या खटल्याला वेगळं नाव द्यायची गरजच उरली नाही. खटल्याचं नाव तेच वैराचं नाव झालं. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश झाला, कचेरीतल्या अरबी-फारसी शब्दांना संस्कृत पर्याय मिळाले. तरी दावा हटला नाही. मराठवाड्यात तर 1948 पर्यंत निजामाचं राज्य, आणि 1880 च्या दशकापासून कचेरीची भाषा उर्दू. कोर्टातला आणि घरातला दावा इथं रोज कानावर पडत राहिला.

पण याचा दोष परभाषेवर टाकता येत नाही. आपल्या जुन्या शब्दांची कुळंही तशीच निघतात. वैर हा शब्द वीराशी जोडलेला. वेदकाळात माणूस मारला गेला की त्याच्या माणसांना द्यायची भरपाई असाही त्याचा अर्थ विद्वान लावतात. आपस्तंब धर्मसूत्र क्षत्रियाच्या हत्येसाठी हजार गाई सांगतं, वैश्यासाठी शंभर, शूद्रासाठी दहा, वर एक बैल. आणि हे देणं वैर फेडण्यासाठी, असं स्पष्ट म्हणतं. माणसाचं मोल वर्णावरून ठरवणारी ती मोजणी आज वाचवत नाही. पण वैर फिटू शकतं, हा विचार तिच्यात आहे. भ्रातृव्य म्हणजे चुलतभाऊ, आणि पाणिनीला त्याच शब्दाचा शत्रू हा अर्थही नोंदवावा लागला. सपत्न म्हणजे शत्रू, तो सवतीवरून आलेला. रक्ताची किंमत, चुलत्याचं पोर, सवत, आणि फिर्याद. या सगळ्या नात्यांत काहीतरी वाटून घ्यायचं आहे.

इंग्रजीत प्रवास उलटा झाला. लॅटिनमध्ये ओडियम म्हणजे द्वेष. त्यावरून द्वेष वाटावा अशा माणसाला इंग्रज ओडियस म्हणतात; पण त्याच कुळातला अ‍ॅनॉय आज वैताग देण्याइतका हलका झाला आहे. तिथं द्वेष झिजून कटकट झाली, इथं फिर्याद वाढून द्वेष झाला.

आजही या भागात दावा धुऱ्यावर उगवतो. नांगराचं एक तास पलीकडे सरकतं, वाटेवर काटे टाकले जातात, मोजणी येते, मोजणी मान्य होत नाही. वकिलाच्या फीपोटी वावर विकलेली घरं आहेत, आणि ज्यासाठी विकलं तो तुकडा चार गुंठ्यांचा. हे पाहून चीड येते, कारण दोन्हीकडची माणसं चांगली असतात.

2023 मध्ये महाराष्ट्र सरकारनं एक योजना काढली. एकाच्या नावची जमीन दुसरा, आणि दुसऱ्याच्या नावची पहिला, असं किमान बारा वर्षं उलटसुलट कसत असतील, तर अदलाबदलीच्या दस्ताला मुद्रांक शुल्क हजार रुपये आणि नोंदणी फी हजार रुपये. तिचं नाव सलोखा. हा शब्दही अरबीच, सुलूक म्हणजे वागणूक, त्यावरून आलेला. पण दोघांनी मिळून, राजीखुशीनं दस्तावर सह्या केल्याशिवाय तो होत नाही. दावा मात्र एकट्यालाही लावता येतो.