दिवसभर नोकरी आणि दारात कुत्रा

शेत, गुरं यांची राखण आणि शिकार यासाठी कुत्रा पाळायला हदीसमध्ये सवलत आहे; नुसत्या हौसेसाठी नाही. पण सवलत मिळाली म्हणजे जबाबदारी संपली असं नाही. घरची माणसं सकाळी कामावर आणि वाडीचा राखणदार संध्याकाळपर्यंत साखळीला, हे आम्हाला पटत नाही. कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरवायचंच नाही, ही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसारही क्रूरता आहे.

मोठा कुत्रा सहा-आठ तास एकटा निभावतो. पिल्लाला दर दोन-तीन तासांनी बाहेर न्यावं लागतं, तेव्हा दिवसा घरी कुणीच नसेल तर पिल्लू आणूच नका. फजरनंतर अर्धा तास आणि मगरिबनंतर पुन्हा एक फेरी, हे जमतं. सावली हवी, आणि पाण्याचं भांडं जड, कलंडणार नाही असं. रेबीजची लस तिसऱ्या महिन्यात, मग दरवर्षी.

आपल्या भांड्याला त्याने तोंड लावलं तर हनफी मस्लकात तीनदा धुणं पुरतं. शाफईत (कोकणात बहुतेक शाफईच) सात वेळा, त्यातलं एकदा मातीने. म्हणून त्याचं भांडं पहिल्या दिवसापासून वेगळं ठेवा.