दुनळी बंदुकीवरील नक्षी

जुन्या विलायती दुनळी बंदुकांचे संग्राहक हातात भिंग घेऊन एका गोष्टीवर हटकून वाद घालतात. एकाच कारखान्याच्या, एकाच दर्जाच्या दोन बंदुकांवरील नक्षी तंतोतंत का जुळत नाही? १८१४ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या पर्डी पेढीची खूण म्हणजे गुलाबांचे गुच्छ आणि बारीक वेलबुट्टी. हॉलंड अँड हॉलंडच्या ‘रॉयल’ बंदुकीवरील वेल मोठी नि ठसठशीत. नमुना पेढीचा खरा, परंतु पोलादावर कोरणी चालविली ती माणसाने. एकाची वेल घट्ट वळते, दुसऱ्याची सैल. तिसऱ्याचा गुलाब अधिक उमलतो. बर्मिंगहॅमला तर असली पुष्कळ कामे गल्लीबोळांतील छोट्या कारागिरांकडे जात. बंदुकीवर नाव झळके ते पेढीचे. नक्षीकाराची सही सहसा नसे. लंडनच्या हॅरी केलसारखी थोडीच नावे मागे उरली.

मी आयुष्यभर मजुरीचे तक्ते वाचीत आलो. मला हा फरक दोष वाटत नाही. निनावी कामगाराची तेवढीच ओळख त्यात शिल्लक आहे. म्हणून संग्राहकांना एक विनंती : झिजलेली नक्षी नव्याने कोरून घेऊ नका. त्याने ती ओळखही पुसली जाते.