एकाच तारखेला दोन मैदानं

अमेरिकेतल्या व्यावसायिक कुस्तीचा इतिहास लिहिताना आकड्यांवर विसंबण्यात अर्थ नाही. निकाल आधीच ठरलेला असतो, तिथे प्रेक्षकसंख्याही ठरवून सांगायला कुणाची ना असणार? १९८७च्या रेसलमेनियाला, म्हणजे व्हिन्स मॅकमहनच्या कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या मैदानाला, पाँटियाकच्या सिल्व्हरडोममध्ये ९३,१७३ लोक होते, असं कंपनी छातीठोकपणे सांगत आली. ‘रेसलिंग ऑब्झर्व्हर’ हे वार्तापत्र चालवणारा डेव्ह मेल्टझर सुमारे ७८,००० म्हणतो. तारखांचं तसं नाही. खोटी तारीख सांगून तिकीट विकता येत नाही.

मॅकमहन आणि त्याचा प्रतिस्पर्धी आयोजक जिम क्रॉकेट यांच्या चढाओढीतली पहिली तारीख २६ नोव्हेंबर १९८७, थँक्सगिव्हिंगचा गुरुवार. क्रॉकेटचं ‘स्टारकेड’ हे मैदान १९८३पासून याच सणाला होत होतं. आधी ते परगावच्या सभागृहांत पडद्यावर दाखवत. त्या वर्षी शिकागोहून ते प्रथमच पे-पर-व्ह्यूवर, म्हणजे केबलवाल्याला पैसे भरून घरबसल्या दिसणार होतं. व्हिन्स मॅकमहनने हा मार्ग १९८५च्या नोव्हेंबरात ‘रेसलिंग क्लासिक’पासूनच धरला होता. त्याने नेमक्या त्याच दिवशी ओहायोत ‘सर्व्हायव्हर सिरीज’ नावाचं नवं मैदान भरवलं. क्रॉकेटने आपली वेळ अलीकडे ओढली, म्हणजे केबलवाल्यांना दोन्ही दाखवता यावीत. त्यावर मॅकमहनचा निरोप गेला: स्टारकेड दाखवाल तर पुढची रेसलमेनिया विसरा. बहुतेकांनी स्टारकेड सोडलं.

ही धमकी आपल्याला कळते ती कुस्तीविषयक वार्तापत्रांतून आणि त्या काळातल्या माणसांच्या नंतरच्या आठवणींतून. तेवढ्यावर क्रॉकेटला अडवण्याचा मॅकमहनचा हेतू सिद्ध होत नाही. तारखा निव्वळ योगायोगानेही जुळल्या असतील. म्हणून पुढची तारीख महत्त्वाची.

२४ जानेवारी १९८८. क्रॉकेटने न्यूयॉर्कजवळच्या नॅसॉ कोलिझियममध्ये, म्हणजे थेट मॅकमहनच्या अंगणात, ‘बंकहाउस स्टॅम्पीड’ ठेवलं, तेही पे-पर-व्ह्यूवर. त्याच दिवशी मॅकमहनने कॅनडातल्या हॅमिल्टनहून पहिली ‘रॉयल रंबल’ यूएसए नेटवर्क या केबल वाहिनीवर चक्क फुकट दाखवली. तिची चित्रफीत आज पाहता येते. कुस्त्यांच्या मध्येच पहिलवान डिनो ब्राव्हो बाकावर उताणा पडून ७१५ पौंडांचा ‘जागतिक विक्रम’ करायला निघतो. वजन पुरेसं वर जाईना, तेव्हा डोक्याशी उभा असलेला समालोचक जेसी व्हेंचुरा दांड्याला हात देतो, आणि विक्रम झाल्याची बतावणी होते. या तमाशाला भरपूर वेळ दिला आहे. आपल्याला पैसे मिळाले नाहीत तरी चालेल, प्रेक्षकाने ते क्रॉकेटकडे भरू नयेत, इतकाच हिशेब त्यात मला दिसतो.

२७ मार्चला क्रॉकेटने उट्टं काढलं. अटलांटिक सिटीत चौथी रेसलमेनिया सुरू असताना त्याने टीबीएस या केबल वाहिनीवर ‘क्लॅश ऑफ द चॅम्पियन्स’ फुकट सोडलं. ग्रीन्सबरोत रिक फ्लेअर आणि नवखा स्टिंग ४५ मिनिटं झुंजले आणि कुस्ती बरोबरीत सुटली. स्टिंगचं नाव त्या रात्री झालं. क्रॉकेटची तिजोरी मात्र भरली नाही: नोव्हेंबर १९८८मध्ये त्याने कंपनी टीबीएसच्याच मालकाला, टेड टर्नरला विकली.