मोटारीचें शिंग

मोटारीच्या भोंग्यास इंग्रजींत ‘हॉर्न’ म्हणजे शिंग म्हणतात. मराठीलाही हा अर्थ परका नाहीं. शिंग फुंकून वर्दी देणें आपल्याकडे पूर्वापार चालत आलें आहे. परंतु शिंग दोन प्रकारांनीं फुंकतां येतें. ‘आम्ही येत आहों, सांभाळा,’ हा एक प्रकार. ‘आम्ही येत आहों, दूर व्हा,’ हा दुसरा. भोंग्याचा इतिहास म्हणजे पहिल्या प्रकाराचें दुसऱ्यांत झालेलें रूपांतर होय, असें आमचें मत आहे. आणि ज्यास तें पडताळून पाहावयाचें असेल, त्यानें घटकाभर सोनगीरास रस्त्याच्या कडेला उभें राहावें.

धुळ्याच्या उत्तरेस मुंबई-आग्रा रस्त्यावर वसलेलें हें गांव तेथील किल्ल्यामुळें आणि तांब्यापितळेच्या भांड्यांमुळें खानदेशांत प्रसिद्ध आहे. या रस्त्यानें एके काळीं बैलगाड्या चालत, तेव्हां बैलांच्या गळ्यांतील घुंगुरमाळांचा नाद गाडी दिसण्यापूर्वींच ऐकूं येई. डाक वाहणाऱ्या हरकाऱ्याच्या काठीलाही घुंगुर बांधलेले असत. हा नाद चालण्याबरोबर आपोआप होई. त्यांत कोणावर राग नसे, कीं कोणास हुकूम नसे.

यंत्राची गाडी आली तेव्हां हा प्रश्न कायद्यापुढें आला. विलायतेंतील १८६५ च्या कायद्यानें असें ठरविलें कीं, रस्त्यावरील वाफेच्या गाडीपुढें ६० यार्डांवर एका मनुष्यानें लाल निशाण घेऊन पायीं चालावें, आणि गाडीचा वेग बाहेर ताशीं ४ मैल व शहरांत २ मैल यांहून अधिक नसावा. १८९६ च्या कायद्यानें हलक्या गाड्यांची या जाचांतून सुटका करून १४ मैलांपर्यंत वेगास मोकळीक दिली. परंतु गाडीवर घंटा किंवा इशारा देण्याचें दुसरें साधन असलेंच पाहिजे, अशी अटही घातली. वाचकांनीं हें नीट ध्यानांत घ्यावें. निशाणवाला गेला आणि त्याच्या जागीं भोंगा आला. अर्थात् भोंगा हा गाडीवाल्यास मिळालेला हक्क नसून, वाढत्या वेगाबद्दल त्यानें पादचाऱ्यास द्यावयाचें तें देणें होतें.

आरंभींचा भोंगा पितळेचा, आणि त्याच्या टोंकास रबराचा फुगा. फुगा दाबला म्हणजे बाजाच्या पेटींत असते तशी पाती हवेनें थरथरे आणि नळींतून आवाज निघे. प्रत्येक आवाजास हाताचे श्रम पडत, म्हणून आवाज मोजकाच होई. पुढें अमेरिकेंतील मिलर रीस हचिसन याच्या शोधावरून तयार झालेला ‘क्लॅक्सन’ १९०८ सालीं बाजारांत आला. त्यांत दांतेरी चाक फिरून धातूच्या पडद्यास थडके व कर्कश आवाज होई; नांवही किंचाळण्याच्या अर्थाच्या ग्रीक धातूवरून घेतलेलें! याच गृहस्थानें बहिऱ्यांसाठीं विजेचें श्रवणयंत्रही केलें होतें, हा योग मौजेचा खरा. नंतर सार्वत्रिक झालेल्या विजेच्या भोंग्यांत विद्युच्चुंबक पडद्यास खेंचतो, त्या खेंचण्यानेंच प्रवाह तुटतो, पडदा मागें येतो आणि प्रवाह पुन्हा जुळतो. हें एका सेकंदांत शेंकडों वेळां घडतें. आतां अंगठा टेकला कीं पुरे. श्रम गेले, आणि श्रमाबरोबर विचारही गेला.

अरुंद रस्त्यावर मागच्यानें पुढच्या मालमोटारीस आवाज देऊन वाट मागावी, यांत गैर कांहींच नव्हतें. ‘हॉर्न ओके प्लीज’ या पाठीवरील विनंतीसही तेथें अर्थ होता. महाराष्ट्रांत २०१५ सालीं हीं अक्षरें लिहिण्यास मनाई झाली, आग्रा रस्ताही चौपदरी झाला; पण संवय तशीच राहिली. कायदे कांहीं थोडे नाहींत. १९८९ च्या नियमांनीं बहुसुरी व कर्णकटु भोंगे वर्ज्य केले. २०१० पासून शांतता क्षेत्रांत, आणि रात्रीं वस्तींतही, आणीबाणीखेरीज भोंगा वाजविण्यास बंदी आहे. २०१९ च्या दुरुस्तीनें विनाकारण भोंगा वाजविणाऱ्यास पहिल्या वेळीं १,००० रुपये दंड सांगितला. मुंबई पोलिसांनीं तर एक नामी युक्ति योजून २०२० सालीं ती लोकांपुढें मांडली: चौकांतील गोंगाट ८५ डेसिबलांवर गेला कीं लाल दिव्याची मुदत पुन्हा आरंभापासून सुरू!

कोणी म्हणेल, आमच्या रस्त्यावर गुरें, सायकली, बैलगाड्या सर्वच एकत्र. येथें भोंग्यावांचून कसें चालेल? हा आक्षेप खोटा नाहीं. लळिंगच्या घाटांत वळणापलीकडचें दिसत नाहीं. तेथें भोंगा न वाजविणें हाच अपराध. जेथें दृष्टि पोंचत नाहीं, तेथें आवाजानें पोंचावें. परंतु सोनगीरास डोक्यावर भारा घेऊन रस्ता ओलांडणारी म्हातारी चालकास दुरूनच दिसत असते. तिला पाहून तो वेग कमी करीत नाहीं, भोंगा तेवढा वाजवितो. म्हणजे सांभाळण्याचें काम ज्याच्या हातीं यंत्र आहे त्यानें, जिला धड पळतांही येत नाहीं तिच्यावर टाकलें. शिवाय दिवसभर ऐकून कान इतके निबर होतात कीं, खऱ्या संकटाचा आवाजही त्यांत बुडून जातो.

तांबटाच्या हातोड्याचाही आवाज मोठा असतो; पण त्याचा प्रत्येक ठोका भांड्यास आकार देण्यासाठीं पडतो, म्हणून शेजारी तो सोसतात. भोंग्यासही हाच न्याय लावावा. ज्या आवाजाबरोबर चालकाचा पाय ब्रेककडे वळत नाहीं, त्यास इशारा म्हणतां येत नाहीं.