दुर्गादेवीचा दुष्काळ आणि गुहेची साक्ष

पुण्याच्या पाताळेश्वर लेण्यात लवणस्तंभ नाहीत, कारण ते माणसाने बेसॉल्टमध्ये कोरले आहे. चुनखडकातील गुहा मात्र पाणीच कोरते. पावसाचे पाणी मातीतील कार्बन डायऑक्साइड घेऊन झिरपते व चुनखडक विरघळवते. गुहेत ठिबकताना हा वायू निसटतो, कॅल्साइटचा थर साचतो आणि लवणस्तंभ वाढतो. थराचे वय युरेनियम-थोरियम पद्धतीने कळते. त्यात जड ऑक्सिजनचे प्रमाण वाढलेले दिसले, तर पाऊस कमी झाला असे समजतात.

महाराष्ट्रात दुर्गादेवीचा दुष्काळ १३९६ ते १४०७ असा बारा वर्षांचा सांगतात. हवामान खाते स्थापन झाले १८७५ मध्ये. मग पडताळा कसा घ्यायचा? आशिष सिन्हा व सहकाऱ्यांनी छत्तीसगडमधील दंडक गुहेच्या लवणस्तंभावरून इ. स. ६०० ते १५०० या काळातील पाऊसमान शोधले (२००७). चौदाव्या शतकाच्या मध्यापासून शंभरेक वर्षे मोसमी पाऊस वारंवार, कधी अनेक वर्षे सलग, कमी पडल्याचे दिसले. लोकांची आठवण निराधार नव्हती.

अशी दीर्घ अवर्षणे पर्जन्यमापकाच्या नोंदींत नाहीत; म्हणून ती पुन्हा येणार नाहीत, असे म्हणता येत नाही. सहलीत मुले लवणस्तंभ तोडू लागली, तर त्यांना एवढे जरूर सांगावे.