वाघासमोर माणूस वेगळा कशामुळे ठरतो?

गडचिरोली जिल्ह्यातल्या चामोर्शी तालुक्यात, वैनगंगेच्या काठावर मार्कंडा आहे. दगडातल्या कोरीवकामामुळे त्याला 'विदर्भाचं खजुराहो' म्हणतात. महाशिवरात्रीला इथं मोठी जत्रा भरते. गावाला ज्यांचं नाव मिळालं त्या मार्कंडेय ऋषींची कथा तुम्ही ऐकली असेल. सोळा वर्षांचंच आयुष्य मिळालेल्या या मुलाने यम न्यायला आला तेव्हा शिवलिंगाला मिठी मारली आणि शंकराने त्याला वाचवलं.

या कथेत यमापेक्षा वेगळी गोष्ट आहे ती मुलाची. आपण कधी मरणार हे त्याला आधीपासून माहीत होतं. हत्ती मेलेल्या हत्तीच्या हाडांपाशी थांबतात, सोंडेने ती चाचपतात. पण अजून न आलेलं मरण डोक्यात घेऊन दिवस काढणं हे माणसाचं खास लक्षण मानलं जातं.

गडचिरोली आणि शेजारच्या चंद्रपूरच्या जंगलात दर उन्हाळ्यात हे लक्षण अगदी रोजच्या व्यवहारात दिसतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळतात. ती पहाटे वेचावी लागतात, नाहीतर जनावरं खाऊन टाकतात. मे महिन्यात तेंदूपत्त्याचा हंगाम येतो. विडीसाठी लागणारं कोवळं पान तेंदूच्या बुटक्या झुडपांवर मिळतं. म्हणजे दोन्ही कामं वाकून किंवा बसून करायची. हीच वेळ वाघाच्याही फिरण्याची.

इथं माणसाचं शरीर त्याच्या विरोधात जातं. आपले पूर्वज दोन पायांवर चालायला लागून लाखो वर्षं झाली. टांझानियातल्या लाएतोली इथं राखेत उमटलेले त्यांचे पाय सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीचे आहेत. उभा माणूस वाघाच्या नेहमीच्या भक्ष्यासारखा दिसत नाही. चितळ, सांबर, रानडुक्कर हे सगळे आडव्या बांध्याचे चार पायांचे प्राणी. त्यामुळे वाघ सहसा उभ्या माणसाला टाळतो, असं मानलं जातं. पण तोच माणूस झुडपाआड वाकला की उंची जाते, चेहरा दिसेनासा होतो आणि मान वाघाच्या तोंडाच्या पातळीवर येते. वाघ दबा धरून बहुतेकदा मागून किंवा बाजूने येतो. सुंदरबनात १९८०च्या दशकात लोकांना डोक्याच्या मागे मुखवटे घालायला दिले होते ते याचसाठी. सुरुवातीला त्यांचा चांगला उपयोग झाला, पुढे वाघ फसेनासे झाले.

१० मे २०२५ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला वाघाच्या हल्ल्यात एकाच दिवशी मारल्या गेल्या. त्याआधी ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोलीच्या वडसा भागात 'सीटी-१' नावाचा वाघ बेशुद्ध करून पकडला गेला. गडचिरोली, चंद्रपूर आणि भंडारा मिळून १३ माणसांचा जीव त्याने घेतला होता. (बातम्यांमध्ये वाघाला नाव मिळतं, माणसांचा मात्र आकडा होतो.) त्याला नागपूरच्या गोरेवाड्याला नेलं. त्याला थेट गोळी का घातली नाही? कारण वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या कलम ११ नुसार माणसाच्या जिवाला धोका ठरलेल्या वाघालाही मारण्याची परवानगी मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात, पण तो पकडता किंवा दुसरीकडे हलवता येत नाही अशी खात्री झाल्यावरच.

मग माणसाकडे वाघापासून वाचायला काय आहे? नखं नाहीत, पळण्याचा वेग नाही. आहे ती बोली. धोक्याची हाक तर चितळ आणि वानरंही देतात. आफ्रिकेतली व्हर्व्हेट माकडं बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी वेगवेगळे आवाज काढतात, हे १९८०च्या सुमारास संशोधकांनी दाखवलं. जंगलात जाणारी माणसंही वानराचा आवाज आला की थबकतात. पण वानराची हाक समोर दिसणाऱ्या वाघापुरतीच असते. 'काल संध्याकाळी नाल्यापलीकडे वाघीण दिसली, सोबत पिल्लं आहेत, उद्या तिकडे जाऊ नका' हे वानराला सांगता येत नाही. (समोर नसलेल्या गोष्टीचा पत्ता मधमाशी नाचून देते, पण तो बहुतेक फुलांचा.) गावागावांतली प्राथमिक प्रतिसाद दलं, म्हणजे पीआरटी, याच गोष्टीवर चालतात. वाघाची खबर द्यायची, लोकांना आवरायचं, गटाने आणि आवाज करत जायला सांगायचं.

खबर मिळाल्यावरही लोक जातात, आणि बाहेरच्यांना हेच कळत नाही. चितळाला वाघाचा सुगावा लागला तर ते ती जागा सोडतं, त्याच्यावर कुणाची उधारी नसते. माणसाच्या डोक्यात मात्र कालचा वाघ आणि जूनमधलं बियाणं, शाळेचा खर्च हे सगळं एकाच वेळी असतं. तेंदूचा हंगाम जेमतेम काही आठवड्यांचा, आणि त्यातली कमाई पुढच्या कित्येक महिन्यांना पुरवायची असते. मृत्यू झाला तर राज्य सरकार कुटुंबाला २५ लाख रुपये देतं. हा आकडाही जंगलात जाणाऱ्याला माहीत असतो.

'गटाने राहा' ही सूचना पाळणंही वाटतं तेवढं सोपं नाही. महाराष्ट्रात ७० पानांचा एक पुडा धरतात आणि मजुरी पुड्यांवर मिळते. एका झुडपावर चौघींना पुरतील एवढी पानं नसतात. सकाळी गावातून एकत्र निघालेल्या बाया मग ऊन चढेपर्यंत पानांच्या मागे हळूहळू पांगत जातात, आणि थोड्या वेळाने एकमेकींचा आवाज येईनासा होतो.